हर्बल सप्लिमेंटमधली भेसळ लॅबमध्ये कशी पकडायची

सॅम्पल टेबलावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात मार्कर किती टक्के आहे?" (मार्कर म्हणजे त्या वनस्पतीची खूण म्हणून मोजायचा ठरलेला पदार्थ.) लेबलवर २४ टक्के, आपल्याला आले २४.३, पास, चला पुढचं सॅम्पल. मी पण सुरुवातीला बरीच वर्षं असंच काम केलं. आता माझं ठाम मत झालंय की भेसळ पकडायची असेल तर "किती" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, आधी "हे नक्की आहे काय" आणि "यात असायला नको असं काय आहे" हे दोन प्रश्न. कारण भेसळ करणाऱ्याला तुमची टेस्ट पाठ असते, फार्माकोपिया (औषधांच्या टेस्टचं अधिकृत पुस्तक) तो पण वाचतो, आणि तो माल बनवतो तोच मुळी तुमच्या त्या एका आकड्यासाठी.

म्हणून मशीन चालू करायच्या आधी पाच मिनिटं बसा आणि विचार करा, हा माल मलाच फसवून विकायचा असता तर मी काय केलं असतं? ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे महाग वनस्पतीच्या जागी स्वस्त वनस्पती, किंवा मधेच भरीला माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची स्वस्त पावडर) वगैरे. दुसरा म्हणजे आकडा वाढवायला शुद्ध केमिकल नाहीतर रंग टाकायचा. आणि तिसरा, सगळ्यात घातक, झाडपाल्याच्या नावाखाली सरळ ॲलोपॅथीचं औषध घालायचं. तिसऱ्या प्रकारात लेबलवरचा दावाच तुम्हाला संशयितांची यादी देतो. वजन कमी करणारं असेल तर सिब्युट्रामिन आणि फिनॉल्फ्थॅलीन शोधा, पुरुषांच्या ताकदीचं असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि त्यांची सगळी भावंडं, सांधेदुखीचं असेल तर डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक, शुगरचं असेल तर मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड. सिब्युट्रामिन २०१० मध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे अमेरिका युरोपातल्या बाजारातून काढलं गेलं, तरी "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते अजून सापडतं. "अर्ध्या तासात फरक" असं लिहिलेलं दिसलं तर माझा हात आधीच तिसऱ्या रस्त्याकडे वळतो, वनस्पती सहसा इतक्या घाईत काम करत नाहीत.

आता सॅम्पलिंग. शितावरून भाताची परीक्षा इथे अजिबात चालत नाही. भेसळीचं औषध हाताने किंवा साध्या मिक्सरमध्ये मिसळलेलं असतं, त्यामुळे एका कॅप्सूलमध्ये भरपूर आणि शेजारच्या कॅप्सूलमध्ये जवळपास काहीच नाही असं होऊ शकतं. निदान वीस कॅप्सूल घ्या, प्रत्येकीचं वजन करा, सगळ्यांची पावडर एकत्र वाटून त्यातलं सॅम्पल घ्या, आणि पाचसहा कॅप्सूल मात्र वेगळ्या वेगळ्या पण चालवा. आणि एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात, रिकामं कवच फेकू नका! औषध पावडरमध्ये न घालता जिलेटिनच्या कवचातच घातल्याची प्रकरणं झालेली आहेत, मग आतली पावडर कितीही तपासा, स्वच्छच निघणार. कवच वेगळं कोमट पाण्यात विरघळवून, मेथॅनॉल घालून, जिलेटिन खाली बसलं की वरचं पाणी तपासायचं.

एक्स्ट्रॅक्शनसाठी मी पहिल्या स्क्रीनिंगला ८० टक्के मेथॅनॉल वापरतो कारण त्यात पाण्यात विरघळणारं आणि न विरघळणारं दोन्ही बऱ्यापैकी उतरतं. अर्धा ग्रॅम पावडर, ५० मिली सॉल्व्हंट, २० ते ३० मिनिटं सोनिकेटर म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणारा बाथ (त्याचं पाणी तापत नाही ना बघत राहा), सेंट्रीफ्यूज, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, फिल्टरमधून निघालेले पहिले दोनतीन थेंब टाकून द्या. सोबत तीन बाटल्या हव्याच: नुसतं सॉल्व्हंट म्हणजे ब्लँक, खात्रीच्या वनस्पतीचं सॅम्पल, आणि त्याच खात्रीच्या सॅम्पलमध्ये आपण स्वतः मोजून घातलेलं संशयित औषध. या तिसऱ्या बाटलीत औषध दिसलं नाही तर तुमची पद्धत आंधळी आहे, मग बाकीच्या निकालांना काही अर्थ नाही. खात्रीची वनस्पती म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञाने ओळखून हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) नमुना ठेवलेली, बाजारातून "चांगली वाटते" म्हणून आणलेली नव्हे.

साध्या टेस्ट करा, पण त्या काय सांगतात ते नीट समजून करा. एकदा माझ्याकडे वजन कमी करायच्या कॅप्सूल आल्या, पावडर अल्कोहोलमध्ये हलवली, गाळली, कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब टाकले, आणि टेस्ट ट्यूब क्षणात लालसर गुलाबी झाली. फिनॉल्फ्थॅलीन! रिपोर्टचा कागद पण काढला मी. मग शेजारी काम करणाऱ्या सिनियर मॅडमनी शांतपणे लेबलवर बोट ठेवलं, तिथे सेना (म्हणजे सोनामुखी) लिहिलेलं होतं. सेना, कोरफडीचा बोळ, रेवंदचिनी यांच्यातली अँथ्राक्विनोन्स पण अल्कलीत लाल होतात. त्यांनी ट्यूबमध्ये ॲसिडचे थेंब टाकायला लावले, लाली गेली आणि अर्क पिवळाधमक झाला. अँथ्राक्विनोन असंच पिवळं होतं, फिनॉल्फ्थॅलीन रंगहीन होतं, पण अर्काला स्वतःचा पिवळेपणा असतो म्हणून नुसत्या ट्यूबवर कुणाला दोषी धरू नये. आम्ही ते टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर, त्यावर सॉल्व्हंट चढताना पदार्थ वेगळे होतात) स्टँडर्डच्या म्हणजे शुद्ध फिनॉल्फ्थॅलीनच्या शेजारी चालवलं, प्लेट सुकवून कॉस्टिकचा फवारा मारला, आणि स्टँडर्डचा ठिपका गुलाबी झाला त्या उंचीला सॅम्पलच्या लेनमध्ये काहीच नव्हतं. माल निर्दोष होता आणि मी दोन मिनिटांत एका माणसाला भेसळखोर ठरवणार होतो. ते आजही आठवलं की रिपोर्टवर सही करताना हात थांबतो. (कॉस्टिक जास्त झालं तर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग परत उडतो हे पण लक्षात ठेवा, म्हणजे उलटी चूकही होऊ शकते.)

एचपीटीएलसी म्हणजे टीएलसीचीच जास्त नेमकी आवृत्ती, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं साधन. सिलिका जेल ६० एफ २५४ ची प्लेट, ८ मिलिमीटरचे पट्टे, चेंबर २० मिनिटं सॉल्व्हंटच्या वाफेने भरू द्यायचा, मग प्लेट चालवायची आणि आधी साध्या उजेडात, मग २५४ आणि ३६६ नॅनोमीटरला फोटो, शेवटी ॲनिसाल्डिहाइड सल्फ्युरिक ॲसिडचा फवारा मारून १०० डिग्रीला तापवून परत फोटो. एका प्लेटवर खात्रीचं सॅम्पल आणि दहाबारा बॅच शेजारी शेजारी दिसतात. डोळ्यांना जो जास्तीचा पट्टा लगेच खुपतो तो एचपीएलसीच्या (अर्क कॉलममधून ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्या मशीनच्या) एका वेव्हलेंग्थवर कधीकधी दिसतच नाही. सेंट जॉन्स वर्टच्या मालात टारट्राझिन, ॲमरॅन्थ, ब्रिलियंट ब्लू असले खायचे रंग मिसळलेले अशाच प्लेटवर उघडे पडलेत. पाल्याचा आणि बटाट्याच्या पिठासारख्या भरीचा रंग जुळवून घ्यायला आणि यूव्हीवर टक्केवारी फुगवायला ते टाकतात.

आता जिंको, म्हणजे जिंको झाडाच्या पानांचा अर्क. हे उदाहरण मी जरा सविस्तर सांगतो कारण फसवणूक टेस्टच्या पोटात शिरून कशी करतात ते यात स्वच्छ दिसतं. स्टँडर्ड जिंको अर्कात २४ टक्के फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन असतात. हे ग्लायकोसाइड वीसपंचवीस प्रकारचे, प्रत्येकाचं स्टँडर्ड कुठून आणणार, म्हणून ठरलेली पद्धत अशी की ॲसिडमध्ये उकळायचं, साखरेचे तुकडे तोडायचे, मागे क्वेर्सेटिन, केम्फेरॉल आणि आयसोऱ्हॅम्नेटिन हे तीनच उरतात, त्यांची बेरीज करून २.५१ ने गुणायचं. सोपं आणि सुटसुटीत. पण आता भेसळवाल्याच्या बाजूने बघा. स्वस्त रुटिन आणून टाकलं, ते उकळल्यावर क्वेर्सेटिनच होतं, बेरीज वाढली, २४ टक्के झाले! उकळण्याने पुरावाच नष्ट झाला.

म्हणून एचपीएलसीत दोन इंजेक्शन करायची. एक न उकळलेलं, एक उकळलेलं. न उकळलेल्याच्या क्रोमॅटोग्राममध्ये (मशीनच्या आलेखात) अस्सल जिंकोचा फिंगरप्रिंट म्हणजे बऱ्याच मध्यम उंचीच्या पीकची (उंचवट्यांची, एक पीक साधारण एक पदार्थ) रांग असते, त्यात रुटिन असतं पण मान खाली घालून. भेसळीच्या मालात रुटिनचा एकच सुळका आभाळाला टेकलेला आणि बाकीची रांग बुटकी. सुटं क्वेर्सेटिन टाकलं असेल तर तेही इथेच पकडलं जातं कारण झाडाच्या पानात ते सुटं फार थोडं असतं. उकळलेल्यामध्ये बेरीज नको, गुणोत्तर बघा, अस्सल मालात क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल साधारण बरोबरीने चालतात, क्वेर्सेटिन दुप्पट तिप्पट झालं की समजायचं इथे पाणी मुरतंय. मग २६० नॅनोमीटरला जेनिस्टीन शोधा. सोफोरा जॅपोनिकाच्या फळांमध्ये ते असतं, त्यामुळे जिंकोच्या मालात जेनिस्टीनचा चांगला ठसठशीत पीक आला म्हणजे सोफोराचा अर्क मिसळलाय अशी दाट शंका घ्यायची. आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन सोडू नका, ते यूव्हीत जवळजवळ दिसत नाहीत म्हणून लोक टाळतात, पण बिलोबलाइड आणि जिंकोलाइड रुटिनच्या डब्यातून येत नाहीत. त्यांच्यासाठी इएलएसडी (कणांनी विखुरलेला प्रकाश मोजणारा डिटेक्टर) किंवा मास डिटेक्टर (रेणूचं वजन मोजणारा) लावा.

बिलबेरी या गडद निळ्या फळाच्या अर्काचं पण तसंच. जुनी पद्धत म्हणजे ५२८ नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजायची, आणि लाल ॲमरॅन्थ डाय तिथेच शोषतो, मग डाय घातलेला माल खुशाल पास होतो. यासाठी मशीन पण नको, दोन टेस्ट ट्यूब घ्या, एकीत पीएच १ चा बफर, दुसरीत ४.५ चा, दोन्हीत सारखाच अर्क घाला. खरं अँथोसायनिन (फळाचा नैसर्गिक रंग) पीएच १ ला लालभडक आणि ४.५ ला फिकट, जवळजवळ रंग गेलेलं दिसतं. डाय मात्र दोन्हीकडे तसाच लाल. दोन ट्यूब पांढऱ्या कागदापुढे धरल्या की कुणालाही समजावता येतं. पण रंगाऐवजी काळ्या तांदळाचा अर्क घातला असेल तर ही टेस्ट हरते कारण ते पण अँथोसायनिनच आहे. तिथे एचपीएलसी लागतं. बिलबेरीत पाच अँथोसायनिडिन आणि प्रत्येकाला तीन वेगळ्या साखरा, असे पंधरा पीक येतात, काळ्या तांदळात मुख्यतः सायनिडिन ग्लुकोसाइड आणि थोडं पिओनिडिनचं. पंधरा जणांच्या रांगेत एकच जण अचानक जाडजूड झाला की ओळखायला वेळ लागत नाही.

हळदीच्या अर्कात तीन कर्क्युमिनॉइड जोडीने येतात, सिंथेटिक कर्क्युमिन मात्र बहुतेक वेळा एकटंच असतं. ४२५ नॅनोमीटरला एकच पीक दिसला तर पुढे रेडिओकार्बन टेस्टला पाठवा, पेट्रोलियमपासून बनवलेल्या मालात कार्बन १४ नसतो, झाडात असतो, आणि हे सोंग कुणालाही सहज आणता येत नाही.

आता औषधांची भेसळ. पहिलं स्क्रीनिंग डायोड ॲरेवर (एचपीएलसीला जोडलेला, सगळ्या वेव्हलेंग्थ एकदम बघणारा डिटेक्टर) करा, थेट एलसीएमएसवर (कॉलमनंतर रेणूचा मास मोजणारं मशीन) नको. कारण साधं गणित आहे, एका कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल असेल आणि ती ५० मिलीत विरघळवली तर झाले १००० पीपीएम (मिलीला १ मिलिग्रॅम), आणि तुमचं एलसीएमएस तर १०० पीपीबीला (०.१ पीपीएम) पण मजेत चालतं, म्हणजे दहा हजार पट पातळ करायला हवं. तसंच घातलं तर सोर्स घाण होतो, कॉलममधून पुढचे कित्येक इंजेक्शन सिल्डेनाफिल गळत राहतं आणि मग पुढची निर्दोष सॅम्पलं पण दोषी दिसायला लागतात. म्हणून प्रत्येक संशयित सॅम्पलनंतर ब्लँक, आणि ब्लँक स्वच्छ आल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

डायोड ॲरेचा दुसरा फायदा म्हणजे अख्खा यूव्ही स्पेक्ट्रम मिळतो. भेसळवाले हल्ली मूळ औषध न टाकता त्याचा किंचित बदललेला ॲनालॉग टाकतात, मास वेगळा, रिटेन्शन टाईम (कॉलममधून बाहेर यायची वेळ) वेगळा, यादीतली टेस्ट चुकते. पण रेणूचा जो भाग प्रकाश शोषतो तो बदलला नसेल तर स्पेक्ट्रम मूळ औषधासारखाच येतो. अनोळखी पीकचा चेहरा सिल्डेनाफिलसारखा दिसला तर सोडू नका. थायो प्रकारच्या ॲनालॉगमध्ये मात्र ३५० नॅनोमीटरच्या आसपास नवा उंचवटा येतो.

मग एलसीएमएस. सिल्डेनाफिल ४७५, टाडालाफिल ३९०, सिब्युट्रामिन २८०, फिनॉल्फ्थॅलीन ३१९, हे पॉझिटिव्ह मोडमधले म्हणजे प्रोटॉन जोडलेल्या रेणूच्या मासचे आकडे. सिब्युट्रामिनमध्ये क्लोरीन आहे म्हणून २८० च्या सोबत २८२ ला साधारण एक तृतीयांश उंचीचा जोडीदार दिसलाच पाहिजे. नुसत्या यादीवर न थांबता, मशीनमध्ये रेणू फोडल्यावर २८३ आणि ३११ मासचे तुकडे देणारं सॅम्पलमध्ये कोण कोण आहे असं उलटं शोधा, सिल्डेनाफिलच्या घराण्यातले बरेच ॲनालॉग, उदाहरणार्थ ५०५ वाला हायड्रॉक्सीहोमोसिल्डेनाफिल, हेच तुकडे देतात.

आणि मास जुळला म्हणजे पदार्थ सापडला असं समजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ४८९ दिसलं तर ते व्हार्डेनाफिल असेल किंवा होमोसिल्डेनाफिल असेल, दोघांचा फॉर्म्युला अगदी एकच आहे, त्यामुळे हाय रिझोल्युशन मशीनवर दशांशाच्या चार घरांपर्यंत मास काढला तरी फरक पडणार नाही. तुकडे बघावे लागतात, व्हार्डेनाफिल १५१ चा ठळक तुकडा देतं, होमोसिल्डेनाफिल २८३ आणि ३११ देतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन तर त्याहून वाईट, दोन्ही ३९३, तुकडे पण सारखेच, फरक फक्त एका मिथाइलच्या दिशेचा. ते कॉलमवरच वेगळे करावे लागतात, ग्रेडियंट (सॉल्व्हंटचं बदलत जाणारं प्रमाण) हळू करा, वेळ लागू द्या. शेवटी खात्रीसाठी सॅम्पलमध्येच थोडं स्टँडर्ड घालून परत चालवा, पीक नुसता उंच झाला तर तोच पदार्थ, खांद्यावर दुसरा उंचवटा आला तर नाही.

वनस्पतीची अदलाबदल म्हटलं की बेल्जियमचं प्रकरण विसरता येत नाही. १९९० च्या सुमाराला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या उपचारात स्टेफानिया टेट्रँड्राच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची गेली, चिनी नावं सारखी होती म्हणून, आणि शंभराहून जास्त लोकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे कित्येकांना मूत्रमार्गाचे कॅन्सर. अशा ठिकाणी मार्कर किती यापेक्षा ॲरिस्टोलोकिक ॲसिड आहे का हा प्रश्न जीव वाचवतो. मोबाईल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) अमोनियम फॉर्मेट घाला, ॲरिस्टोलोकिक ॲसिड १ अमोनियम जोडून ३५९ ला दिसतं, २९८ च्या तुकड्याने पक्कं करा.

डीएनए टेस्ट करू का असं बरेच जण विचारतात. कच्च्या पावडरला जरूर करा. अर्काला नको, सॉल्व्हंट आणि उष्णतेने डीएनए तुटतो किंवा मागेच राहतो, मग वनस्पती असूनही "नाही" असा निकाल येतो आणि उरलेल्या भरीचा डीएनए तेवढा दिसतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने मोठ्या दुकानांच्या हर्बल सप्लिमेंटवर कारवाई केली तेव्हा ती डीएनए बारकोडिंगवर आधारलेली होती, आणि अनेक केमिस्टांनी हाच आक्षेप घेतला होता.

धातूंसाठी आयसीपीएमएस (धातूंचे अणू मासवरून मोजणारं मशीन), अर्धा ग्रॅम पावडर नायट्रिक ॲसिडमध्ये मायक्रोवेव्ह डायजेशन. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरत असाल तर सावध, आर्गॉन आणि क्लोरीन जोडून ७५ मास तयार होतो आणि तो आर्सेनिकसारखाच दिसतो, असे जोडलेले आयन अडवायला हेलियमचा कोलिजन सेल लावा. वाळलेल्या कच्च्या वनस्पतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात शिसं किलोला १० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम असा आकडा आहे. हळदीचा पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेट घालतात, तिथे शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम वर आलेले दिसतात.

रिपोर्ट लिहिताना "भेसळ आढळली नाही" किंवा "शुद्ध आहे" असं मी कधीच लिहीत नाही. "खालील ३८ पदार्थ शोधले, प्रत्येकाची डिटेक्शन लिमिट समोर दिली आहे, त्या मर्यादेवर ते आढळले नाहीत" असं लिहितो (डिटेक्शन लिमिट म्हणजे पद्धतीला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण), यादी कितीही लांब होऊ दे. औषध सापडलं तर दर कॅप्सूल मिलिग्रॅममध्ये लिहा, कारण ४० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल चुकून पडत नाही, आणि काही नॅनोग्रॅम मात्र आधीच्या बॅचच्या मशीनमधून आलेले असू शकतात, दोन्हीला एकच शब्द लावणं अन्याय होईल. उरलेल्या सीलबंद बाटल्या बॅच नंबरसकट कपाटात ठेवा, दुसरी लॅब मागणारच. आणि सिल्डेनाफिल पक्कं झालं की रिपोर्टच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी औषध नियामकाला फोन करा, कारण छातीत दुखतं म्हणून नायट्रेटच्या गोळ्या घेणारा कुणीतरी तीच कॅप्सूल आज रात्री वनस्पती समजून घेणार असतो आणि त्याचं ब्लडप्रेशर एकदम खाली जाऊ शकतं.